पाण्यात नेईल त्याची होडी

हिंगणघाट
८ नोव्हेंबर २०२४

वर्षाली,

अक्षर ओळखलं असशीलच. पत्ता प्रेमदास सरांकडून घेतला. सर आता निवृत्त झालेत, पण एनसीसीत असताना अंबाझरी तलावाच्या काठावरून आपल्या दोघींवर ओरडून बसलेला त्यांचा घसा अजून तसाच आहे. त्यांनी सांगितलं की तू कोचीला असतेस आणि जुनी होडी विकत घेण्याआधी लोक तुला तपासायला बोलावतात. ते तुझा फोन नंबरही देत होते. मी घेतला नाही. फोनवर समोरचं माणूस गप्प बसलं की आपणच बडबडत राहतो. पत्रात तो त्रास नाही.

काम असं आहे. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना जुनी शिडाची होडी घ्यायची आहे. आपण चालवायचो तसलीच, प्लायवूडची, दोन माणसांची, एंटरप्राइज जातीची. इथून जवळच खैरवाड्याच्या तलावाकाठी एका शेतातल्या शेडमध्ये पडून आहे. नौदलातून निवृत्त झालेल्या एका साहेबांची होती. ते वारले. आता होडी त्यांच्या बायकोची, सुलोचनाबाईंची.

दुसरंही गिऱ्हाईक आहे. हायवेवर सचिन नावाच्या माणसाचा ढाबा आहे. त्याला ती ढाब्यासमोर सिमेंटच्या ओट्यावर ठेवायची आहे, म्हणजे लोक आत बसून फोटो काढतील. सुलोचनाबाईंचं म्हणणं एकच: "जो पान्यात नेईन त्याले देईन. तसा कोनी नाई भेटला तं जाऊ दे ढाब्यावर." यावर सचिनने आपला सुतार आणला. त्याने होडीच्या मागच्या फळीत पेचकस घातला, तो मुठीपर्यंत आत गेला. सुतार म्हणाला, सगळी सडली आहे, पाण्यात घातली तर बुडेल.

तर प्रश्न एवढाच की अशी होडी किती सडली आहे आणि किती शाबूत आहे हे कसं ओळखायचं? कुठे बघायचं, कशाने बघायचं? त्या गृहस्थांना सुलोचनाबाईंनी डिसेंबरअखेरपर्यंत मुदत दिली आहे.

मी बरी आहे. नीरज आणि मी मिळून हार्डवेअर आणि प्लायवूडचं दुकान चालवतो. नीरज म्हणजे माझा नवरा. तू लग्नाला नव्हतीस म्हणून सांगते.

मागचं काही काढायचं नाही. होडीबद्दल तेवढं लिही.

सपना


हिंगणघाट
२७ नोव्हेंबर २०२४

वर्षाली,

पत्र मिळालं. त्यात 'प्रिय' नाही, 'कशी आहेस' नाही, पहिलंच वाक्य, 'आधी रंग बघू नको, आवाज ऐक.' मी दुकानात काउंटरवर उभी राहून वाचलं आणि हसले. नीरजने विचारलं, काय झालं? म्हटलं, एक बाई आहे, अजून तशीच आहे.

शेवटी तू विचारलंस, त्या गृहस्थांचं नाव काय. गृहस्थ कोणी नाहीत. होडी मला घ्यायची आहे.

सुलोचनाबाईंनी शेडसाठी टिनाचे पत्रे मागवले होते. माल मोजून द्यायला मी टेम्पोबरोबर गेले. पत्रे उतरवताना ताडपत्रीखालून डोलकाठीचं टोक दिसलं. मी ताडपत्री ओढली आणि तिथेच खाली बसले. सुलोचनाबाईंना वाटलं, ऊन लागलं. त्यांनी पाणी आणून दिलं. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. एवढ्या वर्षांत मी शिडाला हात लावलेला नाही आणि मला त्याची आठवणही येत नाही, असंच मी स्वतःला सांगत आले होते.

आता होडीबद्दल. तू लिहिलंस तसं सगळं केलं. लाकडी हातोडी, टोच्या, टॉर्च आणि सुतळी घेऊन गेले. सुलोचनाबाई शेडच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. सचिनही आला. त्याला कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

बुडापासून सुरुवात केली. वीत वीत पुढे सरकत ठोकत गेले. चांगल्या प्लायवूडचा आवाज मला दुकानामुळे ठाऊक आहे, पण होडीचा आवाज वेगळाच, खणखणीत, पोटातून येणारा. डावी बाजू पूर्ण झाली, उजवी झाली, सगळीकडे तोच आवाज. मग मागच्या फळीवर आले. वर चांगला, मधे चांगला, आणि खाली डाव्या कोपऱ्यात एकदम भद्द, पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. सुताराचं भोक तिथेच होतं. मी टोच्याने कडेकडेने टोचत गेले. तळहाताएवढ्या जागेत टोच्या लोण्यात शिरावा तसा शिरत होता, त्याच्या पलीकडे जेमतेम टोक रुतत होतं. वर बघितलं तर शेडच्या जुन्या पत्र्याला भोक. होडी नाक वर करून ठेवलेली, त्यामुळे पावसाचं पाणी वाहत मागे येऊन त्याच कोपऱ्यात साचायचं. म्हणजे होडी सडलेली नाही, तिचा एक कोपरा सडला आहे. सुताराने बरोबर तेवढाच कोपरा पाहिला.

मी हे सुलोचनाबाईंना हाताने दाखवलं. सचिन म्हणाला, "ताई, जरासी सडली का पूरी सडली, पानी तं घुसनारच ना. एवढ्या जुन्या लाकडात बसून तुमी तलावात जाता का?"

"जाते," मी म्हणाले.

"एकट्या?"

मी सुतळीचा गुंडा उचलला.

नाकापासून शेपटापर्यंत सुतळी ताणून पाहिली. कणा सरळ आहे. सुकाणूच्या बिजागऱ्या पितळी आहेत, घासल्यावर पिवळ्या निघाल्या, म्हणजे तू म्हणतेस तशा गुलाबी पडून ठिसूळ झालेल्या नाहीत. शिडं उन्हात धरली. निळा रंग उडाला आहे, एका शिवणीचा दोरा बोटाने तुटला, पण कापड फाटत नाही.

मग टॉर्च घेऊन डोलकाठीच्या पायाशी आडवी झाले. काठी ज्यात बसते तो ठोकळा वरून उत्तम दिसतो, त्याला नव्याने रंगही दिलेला आहे. पण ठोकळ्याखालच्या आडव्या पट्टीला उभी चीर आहे. नखाने रंग खरवडला तर चीर पार पलीकडे गेलेली. जोराचा वारा आला की सगळा भार तिथेच येतो. काठी बूड फोडून खाली जाईल, हो ना?

हे मी कोणाला सांगितलं नाही. सचिन शेजारीच उभा होता. "पाहा, मी म्हटलं नव्हतं?" असं तो म्हणाला असता आणि बाईंनी होडी त्याला देऊन टाकली असती. मी हात पुसले आणि 'आणखी एकदा येऊन बघते' म्हणून निघाले.

आता तू सांग. ती पट्टी बदलता येते का? येत नसेल तर स्पष्ट लिही.

सपना


हिंगणघाट
१८ डिसेंबर २०२४

प्रिय वर्षाली,

'बदलता येते. पण आधी त्या बाईला सांग, मग होडीला हात लाव.' तू असं लिहिशील हे मला माहीत होतं आणि म्हणूनच तुझं पाकीट मी दिवसभर फोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी गेले. सुलोचनाबाई अंगणात कपडे वाळत घालत होत्या. मी सरळ सांगून टाकलं. "काकू, अजून एक जागा खराब आहे. डोलकाठीच्या खाली. त्या दिवशी दिसली होती, पण मी बोलले नाही."

त्यांनी धोतरजोडीसारखी लांबच लांब चादर पिळून दोरीवर टाकली. "काऊन नाई बोलली?"

"सचिनभाऊ होते. वाटलं, तुम्ही होडी त्यांना द्याल."

"दुरुस्त होते का थे?"

"होते. सागवानाची नवी पट्टी घालावी लागेल."

"तुले येते?"

"मला येत नाही. पण माझी एक मैत्रीण आहे, तिला येतं. ती पत्रातून सांगते."

त्या हसल्या. "मंग भेऊन काऊन राह्यली? साहेब होते तवा दर साली काई ना काई तुटेच तिचं. मी का म्हनलं होतं, चांगली असन त्याले देईन? पान्यात नेईन त्याले देईन म्हनलं."

वर्षाली, ही बाई आयुष्यभर माझ्या शेजारी राहायला हवी होती.

मग पाण्याची परीक्षा घ्यायची ठरली. त्या म्हणाल्या, सचिनच्या समोरच होऊ दे, म्हणजे मागून बोलणं नको. नीरजही आला. आम्ही होडी सपाट करून जुन्या टायरांवर ठेवली. मागच्या कोपऱ्याचं भोक मी एम-सीलने बुजवलं होतं. मग मोटर सुरू करून होडीत घोट्याएवढं पाणी सोडलं. तू लिहिलं होतंस की पाणी आतून बाहेर येतं का ते बघ, म्हणजे बाहेरून आत कुठून येईल ते कळतं. मी खाली कोरडी माती पसरून ठेवली होती, थेंब पडला की दिसावा म्हणून.

आम्ही सगळे उकिडवे बसून होडीच्या पोटाखाली बघत होतो. मला सगळ्यात धास्ती होती ती होडीच्या मधोमध असलेल्या पेटीची, जिच्यातून पातं खाली पाण्यात उतरतं तिची, कारण जुन्या होड्या तिथेच गळतात असं तू दोनदा लिहिलं होतंस. मी पेटीच्या खाली तळहात धरून बसले. हात कोरडाच. चहा झाला. हात कोरडा. सडलेल्या कोपऱ्यातून मात्र पाणी ठिबकायला लागलं आणि मातीवर एक ओला डाग पडला. सचिन म्हणाला, "गळून राह्यली ना पन."

"फकस्त तिथंच," सुलोचनाबाई म्हणाल्या. "बाकी हात लावून पाह्य ना तू."

त्याने खरंच हात लावून पाहिला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पँटला हात पुसला आणि म्हणाला, "ताई, मानलं तुमाले." त्याच्या आवाजात खोट नव्हती.

होडी माझी झाली. भाव तुम्ही म्हणाल तो, असं मी म्हटलं तर सुलोचनाबाईंनी सचिनने सांगितलेलाच भाव लावला आणि वर एक अट घातली. पहिल्या खेपेला होडीत त्या बसणार. साहेबांनी त्यांना कधीच बसवलं नाही. वाऱ्याचं काम आहे, तुझ्याच्यानं होणार नाही, म्हणायचे. "तीस वर्सं काठावर डबा घेऊन उभी राह्यली मी," त्या म्हणाल्या. मी हो म्हणाले. नीरज परत येताना गाडीत म्हणाला, "तू हो म्हणालीस खरी, पण तुलाच कुठे सुकाणू धरता येतं?"

त्याचं बरोबर आहे. सुकाणू नेहमी तू धरायचीस. मी पुढे बसून शीड ओढायची आणि तू सांगशील तेव्हा बाहेर झुकायची.

तू विचारलं आहेस की मी तेव्हा एनसीसी काऊन सोडली. विचारलंसच म्हणून लिहिते. राष्ट्रीय शिबिराला तू माझ्या जागी दुसऱ्या मुलीला घेऊन गेलीस. तिची उंची त्या होडीला जास्त जुळते हे मला प्रेमदास सरांनी सांगितलं. तू सांगितलं असतंस तर मी दोन दिवस रडले असते आणि तिसऱ्या दिवशी तुमची शिडं बांधायला आले असते. तू सांगितलं नाहीस. बस, एवढंच. आता ते लिहून झालं आणि मला बरं वाटतंय. तुला वाईट वाटावं म्हणून लिहिलेलं नाही.

तुझी
सपना


हिंगणघाट
३० जानेवारी २०२५

प्रिय वर्षाली,

तुझं लांब पत्र तीनदा वाचलं. 'मला तुझ्या तोंडाकडे बघून सांगायची हिंमत झाली नाही.' मला हेच एक वाक्य हवं होतं. त्यापुढचं सगळं तू खोडलं असतंस तरी चाललं असतं.

पण दुसरी गोष्ट वाचून मी पत्र खाली ठेवलं. तू स्वतः कित्येक वर्षांत होडी चालवलेली नाहीस? दुसऱ्यांच्या होड्या ठोकून बघायच्या, सही करायची आणि घरी जायचं? तू लिहितेस, खांदा दुखतो. आपण शिबिरात ताप अंगावर घेऊन होडी चालवली आहे, वर्षाली. खांद्याचं मला सांगू नको.

पार्सल मिळालं. कोचीहून स्क्रू येणार म्हणून नीरजने पोस्टमनला रोज हटकलं. आमच्या दुकानात इतके स्क्रू आहेत, पण हे हातात घेतल्यावर तो म्हणाला, "हा माल आपल्याकडे नाही." हार्डवेअरवाल्याच्या तोंडून हे ऐकणं सोपं नाही.

कोपरा कापून काढला. जिथे ताजं लाकूड लागलं तिथे थांबले आणि तू म्हटलंस तसा नव्या मरीन प्लायचा तुकडा उतरता तासून बसवला. पहिला तुकडा चुकला, फेकला. दुसरा बसला. डोलकाठीखालची चिरलेली पट्टी काढली तर ती हातातच दोन तुकडे झाली. त्या जागी सागवान घातलं. सुलोचनाबाईंच्या गोठ्याचा जुना दरवाजा होता, त्याची चौकट. लाकूड इतकं कडक की नीरजचं ड्रिल गरम होऊन बंद पडलं. तो रोज दुकान बंद करून येतो, हातात सँडपेपर घेतो आणि मला होडी येत नाही असं म्हणत म्हणत घासत बसतो.

तलावावर होडी घालायची परवानगी मिळाली. लाइफ जॅकेटं आणली. मच्छीमार सोसायटीच्या लोकांनी जाळी कुठे असतात ते दाखवलं आणि त्यांची नाव आमच्या मागे राहील असंही कबूल केलं.

आणि हो, मी सुकाणू शिकतेय. मधल्या एका दिवशी सोसायटीची नाव मागून घेतली, मागे सुकाणू म्हणून एक फळी बांधली, आणि नीरजला वल्हवायला बसवून वळवून पाहिलं. गावातली माणसं काठावर येऊन बघत होती. बघू देत.

तुझी
सपना


हिंगणघाट
१० मार्च २०२५

प्रिय वर्षाली,

काल होडी पाण्यात गेली.

आधी मी आणि नीरजने नुसतीच ढकलून पाण्यात ठेवली आणि आत उतरून, गुडघ्यांवर बसून प्रत्येक जोड हाताने चाचपला. मागचा कोपरा कोरडा. पेटी कोरडी. डोलकाठीचा पाया कोरडा. नीरज पाण्यात कमरेएवढा उभा राहून विचारत होता, "काय? काय?" मी कोरडा तळहात त्याला दाखवला.

सुलोचनाबाई हिरवं लुगडं नेसून आल्या होत्या. त्यावर नारिंगी लाइफ जॅकेट. काठावर निम्मं गाव होतं. सचिन ढाबा बंद करून आला होता. त्यांना धरून आत बसवताना मी सांगितलं, "काकू, मी म्हणेन तेव्हा खाली वाका, वरून काठी फिरते. आणि मी म्हणेन त्या बाजूला सरका."

"साहेब कसं म्हनत, मी काठावरून आयकत होती. माहीत हाये मले," त्या म्हणाल्या.

दुपारचा वारा धरला होता. मी शीड ओढलं. आधी ते नुसतं फडफडलं. मग भरलं, आणि वर्षाली, ती जी होडी हळूच पुढे झेपावते ना, आपल्याला कोणी मागून उचलल्यासारखी, ती तशीच झेपावली. माझ्या हातात सुकाणू जिवंत झालं. काठावरचा आवाज मागे राहिला. बुडाखालून पाणी खळखळत होतं आणि सुलोचनाबाई दोन्ही हातांनी होडीची कड धरून ताठ बसल्या होत्या.

तलावाच्या मध्यावर वाऱ्याचा झोत आला. पाण्यावर काळी सुरकुती पळत येताना दिसली, पण मला उशीर झाला. होडी कलली. पुढे कुठेतरी लाकूड करकरलं. माझ्या मनात एकच आलं, ती पट्टी. मी ओरडले, "काकू, इकडे!" आणि स्वतः पाठ पाण्यावर टेकेल इतकी बाहेर झुकले. शिडाची दोरी हातातून सोडायची की धरायची हे कोणी सांगणारं नव्हतं. मी थोडी सोडली आणि सुकाणू दाबलं. होडी थरथरली, आणि सरळ झाली. पट्टी हलली नाही. तू सांगितलेली, मी बसवलेली, गोठ्याच्या दरवाजाची पट्टी. आम्ही इतक्या वेगात निघालो की सोसायटीची नाव मागे पडली आणि तिथले लोक शिट्ट्या मारायला लागले.

सुलोचनाबाई भिजल्या होत्या. डोक्यावरचा पदर उडून गेला होता. मी विचारलं, "घाबरलात?"

त्या म्हणाल्या, "बाप्पा. हे मजा तो मानूस एकटाच घेत होता का?"

मग त्या हसायला लागल्या आणि मग रडल्या, आणि मी होडी पलीकडच्या काठाजवळ वळवली, कारण आता वळवणं भाग होतं. वळणावर त्या मी सांगायच्या आतच वाकल्या. वाऱ्याविरुद्ध आडवं तिडवं जात परत यायला वेळ लागला. एक वळण चुकलं, नाक वाऱ्यात अडकून होडी उभी राहिली, शीड फडफडत राहिलं. मी धीर धरला, तिला मागे जाऊ दिलं, सुकाणू उलटं धरलं, आणि ती निघाली. हे मला कोणी शिकवलेलं नाही. तू करायचीस ते मी पुढे बसून पाठीने बघितलं असणार.

काठावर आल्यावर नीरज पाण्यात धावत आला आणि होडीचं नाक धरलं. त्याने सुलोचनाबाईंना उतरवायला हात पुढे केला. त्या उतरल्या नाहीत. म्हणाल्या, "आनखी एक चक्कर."

दुसऱ्या चकरेला सचिन मागे लागला. "ताई, मले पन बसवा ना." मी म्हटलं, आधी पोहायला शीक. तो खरंच शिकणार आहे म्हणे. प्रेमदास सरांना मी रात्री फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग ते त्यांच्या बसलेल्या घशातून ओरडले, "दुसऱ्या वळणाला नाक का अडकलं?"

माझे तळहात सोलून निघालेत. हे पत्र बोटांच्या टोकांनी लिहिते आहे. सकाळी दुकानात वजनदार काही उचलवेना तर नीरज म्हणाला, आज बस, मालकीणबाई.

तू विचारलं आहेस, 'मी आले तर चालेल का?' इतक्या वर्षांत तू मला परवानगी मागितलेली ही पहिलीच वेळ. चालेल. सुलोचनाबाई तर तुझी वाटच बघताहेत, 'पत्रातून सुतारकाम करनारी बाई' कशी दिसते ते त्यांना बघायचं आहे. उन्हं चढायच्या आत ये. नागपूरला उतरून बसने येऊ नको, गाडी हिंगणघाटला थांबते, मी स्टेशनवर असेन. पोहे नाही, तर्री-पोहे खाऊ.

आणि तुला पुढे बसावं लागेल. शीड तू ओढायचं. मी सांगेन तेव्हा बाहेर झुकायचं, खांदा दुखला तरी. आधी तुझा हातोडा घेऊन होडी कितीही ठोकून बघ, जिथे शंका येईल तिथे टोच, काही लपवलेलं नाही. पण एकदा काठ सोडला की होडी माझी.

येजो.

तुझी
सपना